परवाना आहे, मुक्काम कुठे?



नंदुरबारात वाढलेल्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रक चालवू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांचे धाडस वाखाणले. पण एका डेपोत माल भरायचा, शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या डेपोत उतरवायचा, एवढ्यासाठी बाईला धाडसीच का असावे लागते?

1988 च्या मोटार वाहन कायद्याने जड वाहनाचा परवाना बाईला नाकारलेला नाही. रात्रीच्या मुक्कामी मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, अशी तरतूद 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच होती. प्रत्यक्षात ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, झाडाआड जातो. पुरुषांनी निमूट सोसले, म्हणून चालून गेले. बाई काम मागायला आली की मात्र 'इथे बायकांची सोय नाही' हे उत्तर तयार असते. सोय केली नाही मालकाने, काम गेले बाईचे!

म्हणून नुसते सत्कार नकोत. प्रत्येक डेपोत आतून कडी लागणारा संडास, पाणी आणि निजायला खोली हवी. पुरुष ड्रायव्हरलाही ती हवीच आहे. वाहतूक कामगारांच्या युनियनबरोबर बसून ही मागणी लावून धरू या.