अमरनाथची गुहा किती माणसे पेलते?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, श्री अमरनाथजी श्राइन बोर्ड

विषय : यात्रेकरूंची दैनंदिन मर्यादा

अमरनाथची गुहा समुद्रसपाटीपासून 3,888 मीटर उंचीवर आहे. तिच्या छतातून झिरपणारे पाणी थेंबाथेंबाने खाली पडते आणि गोठत गोठत वर चढते. हेच ते हिमलिंग. वर्षातले बहुतेक महिने हा परिसर बर्फाखाली असतो. वाट उघडते ती उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी बर्फ वितळण्याच्या आणि ओढे फुगण्याच्या दिवसांत. पहलगामहून चंदनवाडी, शेषनाग, महागुणस खिंड, पंचतरणी अशी जुनी वाट जाते. बालतालहून सुमारे 14 किलोमीटरचा खडा चढ आहे. हा भूगोल बोर्डाला शिकवण्याचे कारण नाही. 2000 च्या कायद्याने सारी व्यवस्था बोर्डाच्याच हाती दिलेली आहे.

ऑगस्ट 1996 मध्ये अवकाळी हिमवादळात 240 हून अधिक यात्रेकरू यात्रेच्या वाटेवर मरण पावले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रा 30 दिवसांची आणि यात्रेकरू एकूण 1 लाख, अशी मर्यादा सुचवली. सरासरीने दिवसाला सुमारे 3,300 माणसे. शिफारस बोर्डाच्या जन्माआधीची, तेव्हा तिचे विस्मरण एक वेळ क्षम्य मानता येईल. पण 2011 मध्ये यात्रेकरूंची संख्या 6 लाखांवर गेली आणि त्या एका हंगामात शंभरावर माणसे दगावली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि प्रत्येक मार्गावर दिवसाला 7,500 ही मर्यादा आली. दोन मार्गांचे मिळून 15,000. 2022 मध्ये, करोनामुळे दोन वर्षे बंद राहिलेली यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा हाच आकडा प्रत्येक मार्गावर 10,000 झाला. हेलिकॉप्टरने येणारे या हिशेबात धरलेले नाहीत. गुहेत ते जागा व्यापत नसावेत. 3,300, मग 15,000, मग 20,000. या काळात डोंगर रुंद झाल्याची नोंद कोठे नाही.

त्याच 2022 च्या हंगामात, 8 जुलैच्या संध्याकाळी, गुहेजवळच्या ओढ्याला लोंढा आला. तंबू आणि लंगर वाहून गेले. किमान 15 जणांचा मृत्यू झाला. हवामान विभागाच्या नोंदीनुसार गुहेच्या परिसरात दोन तासांत सुमारे 31 मिलिमीटर पाऊस पडला होता. कोकणात एवढ्या पावसाला कोणी छत्रीसुद्धा धड उघडत नाही. तेथे तो प्राणघातक ठरला, कारण माणसे ओढ्याच्या पात्रालगत झोपण्या-जेवण्याच्या तयारीत होती. याला अनपेक्षित म्हणण्याचीही सोय नाही. 28 जुलै 2021 रोजी गुहेजवळ असाच लोंढा आला होता. त्या वर्षी यात्रा रद्द होती, म्हणून जीवितहानी झाली नाही. निसर्गाने रिकाम्या मैदानावर दिलेली ही रंगीत तालीम बोर्डाने पाहिली असेल, तर पुढच्या वर्षी तेथे तंबू कोणाच्या परवानगीने उभे राहिले?

हिमलिंगाची गोष्ट याहून सरळ आहे. 2024 ची यात्रा 29 जून ते 19 ऑगस्ट अशी 52 दिवसांची होती. हिमलिंग पहिल्या आठवड्यातच विरघळले. पुढचे सहा आठवडे लोक येत राहिले आणि एकूण आकडा 5 लाखांवर पोहोचला. स्वस्थ उभा माणूसही सुमारे 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो, आणि येथे माणसे चढून, घामाघूम होऊन येतात. सगळा दोष गर्दीवर टाकणे मात्र न्याय्य नाही. जवळचीच कोलाहोई हिमनदी यात्रेकरूंविनाच मागे सरकते आहे. तापमानवाढ बोर्डाच्या अखत्यारीत येत नाही हे मान्य. गुहेत एका वेळी किती माणसे सोडायची, हे येते.

आरोग्य प्रमाणपत्र, 13 ते 70 ही वयाची अट, गळ्यातले इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र, ही बोर्डाची कामे उपयुक्त आहेत. परंतु ती सारी तपासणी माणसाची आहे. वाटेची, ओढ्यांची आणि गुहेची क्षमता कोणी व कशी मोजली, हे यात्रेकरूला सांगितले जात नाही. 2025 ची यात्रा 9 ऑगस्टपर्यंत चालायची होती. पावसाने वाटा खराब झाल्यामुळे 3 ऑगस्टलाच ती थांबवावी लागली. तोवर 4 लाखांहून अधिक लोक येऊन गेले होते.

सबब, प्रत्येक मार्गावर 10,000 हा आकडा कोणत्या अभ्यासावरून ठरला, तो अभ्यास पुढील नोंदणी सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध करावा. अभ्यास नसेल तर तसे लेखी सांगून मर्यादा निदान 7,500 वर आणावी आणि हेलिकॉप्टरचे प्रवासी तिच्यातच मोजावेत. 2021 व 2022 मध्ये पाणी जेथवर आले ती रेषा जमिनीवर आखून तिच्या आत एकही तंबू उभारू देऊ नये.