उरलेले कोणाच्या ताटात?



मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून इगतपुरीला आले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलांच्या पाट्या सुरू होतात. नागलीची भाकरी, चुलीवरची भाकरी, गावरान ठेचा. पावसाळ्यात धबधबे बघायला आलेली मुंबईची मंडळी गाडीतून उतरतात आणि भाकरी मागतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हापासून मुंबई आणखीच जवळ आली आहे. पाटीवरची ही नागली इथल्याच डोंगरउताराची. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा आदिवासी शेतकरी खाचरात भात लावतो आणि वरकस जमिनीत नागली आणि वरई. नागली खाणारा म्हणजे ज्याला भात परवडत नाही तो, असा हिशेब शहराने आणि गावातल्या शहाण्यांनीही वर्षानुवर्षे केला. आज त्याच नागलीला डॉक्टर पथ्य म्हणतात आणि दुकानदार पाकिटात भरतात.

नागली घाटमाथ्याची, ज्वारी आपली. गोष्ट मात्र एकच आहे.

आपल्या ज्वारी-बाजरीचे सरकारी नाव काल-परवापर्यंत भरडधान्य होते. २०१८ साली केंद्र सरकारने त्याचे पौष्टिक तृणधान्य केले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगभर तृणधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात आपली ज्वारी श्रीअन्न झाली. नाव मोठे झाले याचा आम्हाला राग नाही. पण नावाने पोते भरत नाही. ज्वारीची लेव्ही घेतली, जिल्हाबंदी घातली, तेव्हा ती श्री नव्हती. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आणून लोकांना खायला लावली, तेव्हा आपल्या ज्वारीची किंमत पोटाला कळली होती, सरकारला कळली नाही. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे ठरवले, त्यात ज्वारीही होती. म्हणजे ताटात नको, बाटलीत चालेल.

परिणाम काय झाला? १९६०-६१ साली महाराष्ट्रात सुमारे ६२ लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरली आहे. शेतकऱ्याला ज्वारी नकोशी झाली म्हणून हे घडले नाही. कापणी-खुडणीला मजूर मिळेना, पाखरे आणि रानडुकरे सोडीनात, खरिपाची ज्वारी ऐन काढणीच्या पावसात सापडून काळी पडली की व्यापारी हात लावीना. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, म्हणजे किलोला ३७. हा भाव कागदावर असतो आणि माल बाजारात असतो, दोघांची गाठ पडतेच असे नाही. शहरातल्या दुकानात मात्र त्याच ज्वारीचे पीठ याच्या दुपटीनेही मिळाले तर स्वस्त म्हणावे. मधले पैसे कोणाकडे जातात हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आज मात्र आम्हाला भावाबद्दल बोलायचे नाही, आपल्या घराबद्दल बोलायचे आहे.

ज्या घरांनी ज्वारी मोडून कपाशी आणि सोयाबीन लावले, त्या घरांत आता खातात काय? रेशनचा गहू आणि रेशनचा तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य ठरले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट झाले. फुकटच्या गव्हापुढे पदरची ज्वारी पिकवून खाणे कोणाला परवडेल? आम्ही रेशन घेणाऱ्याला दोष देत नाही. ज्याचे घर त्यावर चालते त्याने ते घ्यावेच. पण त्या पोत्याबरोबर घरात आणखी काय काय शिरले ते पाहा. सकाळी भाकरीऐवजी चहा-बिस्किट, पोरांच्या हातात पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी, पाहुणा आला की मैद्याची खारी आणि बाटलीतले रंगीत पाणी. कपाशीचा पैसा आला की पहिला खर्च हाच होतो. शहराला आपली भाकरी सापडली आणि आपल्याला शहराचे बिस्किट सापडले.

यातून देशाची प्रकृती कशी झाली? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आता हा शहरी शेठजींचा रोग राहिलेला नाही. अर्थात भाकरी खाल्ल्याने साखरेचा रोग बरा होतो असे सांगत फिरणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. ज्वारी औषध नाही, अन्न आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, तांदळात तीनच्याही आत. म्हणून ती पोटाला आधार देते. नागलीत गव्हाच्या आठ-नऊ पट चुना असतो, म्हणून पोरांना नागलीचे सत्त्व देतात. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी पडते ते डाळीत असते; भाकरीशी पिठले किंवा वरण ही जोडी आजीने जमवली ती उगीच नाही. ज्वारीच्या तासांमध्ये तूर, मूग, उडीद आणि बांधाला अंबाडी, ही आपली पेरणीच मुळी एका ताटाची मांडणी होती. खानदेशात कळण्याची भाकरी करतात, तिच्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. आता नुसती कपाशी असते, आणि तणनाशक मारले की घोळ, तांदुळजा, पाथरीही जाते. निंदणीहून घरी येणाऱ्या बाईच्या ओटीत फुकटची भाजी असायची. ती ओटी रिकामी झाली. तणनाशकाच्या डब्यावर हा खर्च लिहिलेला नसतो.

आता वाया जाणाऱ्या अन्नाचे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात २०२२ या एका वर्षाचा हिशेब आहे: जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा दिला आहे. हे वाचून शहरातल्या मासिकांत बायकांना सल्ले सुरू झाले. उरलेल्या पोळीचे हे करा, उरलेल्या भाताचे ते करा.

आपल्या घरात असे सल्ले देणारा हसे करून घेईल. शिळ्या भाकरीचा कुस्करा ताकात कालवून खाणे किंवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन न्याहारी करणे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. खाली राहिलेल्या चुऱ्याच्या कण्या झाल्या, पिठाचे आंबील झाले, उन्हाळ्यात खानदेशातल्या बायांनी ज्वारी आंबवून बिबड्या घातल्या. अगदीच उरले तर दारात गाय-म्हैस-कोंबडी होतीच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या उकिरड्यावर भाकरी सापडत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो.

थोडे थांबून विचारू या, ते उरलेले जाते कुठे?

जाते घरातल्या बाईच्या ताटात. पहिली पंगत पुरुषांची, मग पोरांची, मग सासू-सासऱ्यांची. शेवटी तवा उतरवून ती बसते. वरणाचे पातेले कालच्या पाण्यासारखे झालेले असते, भाजी संपलेली असते, मग चटणी आणि सकाळची भाकरी. भाजी उरली तरी ती ताजी कोणी खात नाही, टाकायची नाही म्हणून तिने संपवायची. पाहुणा अवचित आला तर त्याच्यासाठी जी भाकरी कमी होते ती तिची. वाया न घालवण्याचा जो नियम आपण पाळतो, त्याची किंमत घरातले एकच माणूस भरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. दिवसभर कपाशी वेचून आलेल्या बाईचा पाय चढावर का थरथरतो याचा शोध घ्यायला मोठा दवाखाना लागत नाही. तिच्या ताटात डोकावले तरी पुरे.

आणि वर उपास. शहरात आता सोळा-सोळा तास न खाण्याची टूम निघाली आहे. इगतपुरीलाच धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात सकाळी अकराच्या जेवणानंतर रात्रीचे जेवण नसते. तिथे येणारा स्वखुशीने येतो, शांत बसतो, त्याचे ते बरोबर आहे. आपल्या बाया सोमवार, चतुर्थी, एकादशी करतात आणि त्याच दिवशी निंदणीलाही जातात. उपासाचा प्रश्न श्रद्धेचा, त्यात आम्ही शिरत नाही. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ठ. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटाला कितीतरी बरी. भगर म्हणजे घाटमाथ्याची ही वरईच. श्रीअन्न म्हणून कोणी सांगायच्या आधीपासून ती एकादशीला चालते.

भाकरी आपल्या घरातून का गेली याचे आणखी एक कारण पुरुषांच्या बैठकांत निघत नाही. भाकरी थापायला बाईच लागते आणि ती तीन वेळा लागते. गव्हाच्या पोळ्या सकाळी एकदा लाटल्या की रात्रीपर्यंत निभतात. भाकरी मात्र धन्याला गरम हवी, तव्यावरून ताटात. चुलीच्या धुरात दोन-दोन तास बसलेली बाई गव्हाकडे वळली तर तिचे काय चुकले? ज्याला घरात ज्वारी परत यावी असे वाटते त्याने आधी गार भाकरी खायची तयारी ठेवावी. थापायला शिकला तर उत्तमच. हात भाजतो, पण शिकता येते. आणि दळण पंधरवड्यापुरतेच आणावे. महिन्याचे एकदम दळले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि बोलणी मात्र थापणारीला बसतात.

हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा भाकऱ्या धरल्या तर किलोभर पीठ लागते. वर्षाची झाली पावणेचार-चार क्विंटल ज्वारी. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल हा बेताचाच उतारा आहे. म्हणजे पाच-सहा एकरांच्या कपाशीत एक एकर घरासाठी राखला की वर्षाची भाकरी निघते, वर कडबा. कडबा नाही म्हणून बैल विकले आणि बैल नाहीत म्हणून ट्रॅक्टरवाल्याचे देणे झाले, अशी घरे आपल्यात कमी नाहीत. चार क्विंटलची हमीभावाने किंमत पंधरा हजारांच्या आत येते. एवढ्या रकमेसाठी घरच्या ताटाचा व्यवहार बाजाराच्या हाती देणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. कपाशीचा भाव कोसळला तरी कपाशी खाता येत नाही. उरलेली सगळी शेती खुशाल बाजारासाठी करा. बाजाराला आमचा विरोध नाही आणि नव्हता. मात्र साठवणीत काळजी घ्या. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात धान्य-पीठ ठेवू नका, आणि झोपायच्या खोलीतल्या पोत्यात विषारी गोळी टाकू नका. धान्य कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उचलून ठेवले तर वर्ष निघते.

खरी नासाडी पाहायची तर आपल्याच लग्नांत पाहावी. पंगत होती तोवर वाढपी विचारून वाढत होता आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या धाकाने कोणी ताट टाकत नव्हते. आता टेबले मांडली. चार भाज्या, दोन गोड, चाट वेगळे, आणि अर्धी भरलेली ताटे टोपल्यात. मुलीचा बाप हे सगळे कर्ज काढून करतो. पोटापेक्षा ताट मोठे घ्यायची ही खोड आपण शहराकडून उचलली, आणि शहर आता ती सोडायच्या गोष्टी करू लागले आहे!

इगतपुरीच्या जिल्हा बैठकीच्या जेवणाबद्दल म्हणून एवढेच ठरवले आहे. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडच्या मंडळींनी ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या बांधून आणाव्यात. पिठले, ठेचा आणि नागलीचे आंबील इथली मंडळी करतील. टेबले नाहीत, पंगत आहे. पहिली पंगत मायबहिणींची, वाढायला पुरुष. ज्याने त्याने आपले ताट घासून ठेवायचे आहे, राख आणि पाणी विहिरीजवळ मिळेल.