एक प्रिंटर, सर्वांचा

शाळेंत जितके संगणक तितके प्रिंटर हवेत, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें ती खर्चिक व अनावश्यक होय. लिनक्सवर चालणाऱ्या एका संगणकास प्रिंटर जोडला म्हणजे सर्वांचें काम भागतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेली ‘कप्स’ ही प्रणाली त्याचा कारभार पाहते. त्या संगणकावरील ब्राउझरमध्यें ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर तिचें पान उघडावें, प्रिंटर नोंदवून तो सामायिक असल्याची खूण करावी, आणि व्यवस्थापनाच्या पानावरही सामायिक वापरास परवानगी द्यावी. यांपैकीं एक गोष्ट राहिली, अथवा फायरवॉलनें तो पोर्ट अडविला, तर शेजारच्या संगणकास प्रिंटर वापरतां येत नाहीं.

हें काम बाहेरच्या कारागिरावर न सोंपवितां वरच्या वर्गांतील मुलामुलींकडून करवावें, असा आमचा आग्रह आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन यांस सामायिक प्रिंटरची प्रणाली सुधारावयाची होती. परंतु तिची मूळ संहिता त्यांस नाकारण्यांत आली. तो अनुभव पुढें मुक्त प्रणालींच्या चळवळीस प्रेरक ठरला. आज ‘कप्स’ची संहिता कोणासही पाहतां येते. दार उघडें असतां आंत न डोकावणें हा मुलांचा नव्हे, वडील माणसांच्या भीतीचा दोष होय.

शिवाय सामायिक प्रिंटरच्या रांगेंत शिक्षक व विद्यार्थी यांचीं कामें सामान्यतः आलेल्या क्रमानेंच निघतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणें, दुसऱ्याचा कागद जपून ठेवणें, व्यर्थ प्रती न काढणें, हें विश्वासू कारभारीपण पुस्तकांतून क्वचितच साधतें. पालकहो, ‘यंत्र बिघडेल’ म्हणून मुलांचा हात मागें ओढूं नका.