पत्र्याच्या भागाचा दर कोण ठरवतो?

घोडनदीच्या काठावरील इनामगावचे नाव सर्वदूर गेले ते तेथील उत्खननामुळे. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची एक अख्खी वसाहत उजेडात आणली. तांबे त्या काळी दुर्मिळ होते. नित्याची कामे गारगोटीच्या जातीच्या दगडी पात्यांनी चालत. धातूचे काम जाणणारा माणूस त्यामुळे गावाला मोलाचा असला पाहिजे. तरीही वसाहतीच्या मध्यभागी घरे होती ती सधन शेतकऱ्यांची. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. गरज सर्वांना, जागा मात्र कडेला!

आज त्याच शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथे मोटारी, शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे तयार होतात. यांपैकी कोणतीही वस्तू उघडून पाहावी. आत पत्रा कापून, भोके पाडून, वाकवून केलेले असंख्य लहानमोठे भाग दिसतील. कंस, पट्ट्या, झाकणे, वॉशर, क्लिपा अशा या भागांवर कोणाचे नाव नसते. त्यांतील पुष्कळसे भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या परिसरातील छोट्या प्रेस शॉपमध्ये तयार होतात. दोन-चार पॉवर प्रेस, एक ग्राइंडर, डाय दुरुस्त करणारा एक जाणकार आणि आठ-दहा कामगार, एवढाच त्यांचा संसार. शेताचा तुकडा तारण ठेवून पहिली प्रेस घेतलेले तरुणही त्यांत आहेत. आधुनिक उद्योगाच्या वसाहतीतही कारागीर कडेलाच राहिला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या कारागिराचा मोठ्या कारखान्याशी संबंध सुरू होतो तो एका कागदापासून. 'सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे आपला दर कळवावा' एवढाच त्या चौकशीपत्राचा आशय असतो. दर मागणे ही वरकरणी अगदी साधी गोष्ट. वस्तुतः निम्मा दर मागणाराच ठरवीत असतो आणि तो कसा ठरतो याकडे आपल्या औद्योगिक धोरणाच्या चर्चेत क्वचितच लक्ष जाते.

संख्येचे गणित

पत्र्याच्या भागाचा दर मुख्यत्वे चार गोष्टींवर अवलंबून असतो : पत्रा, डाय, प्रेसवरचे काम आणि त्यानंतरचे संस्कार. यांतील डायचा खर्च विलक्षण आहे. एक नग काढायचा असो वा एक लाख, डाय आधी करावीच लागते. समजा, एका डायला दोन लाख रुपये लागले. दहा हजार नगांवर हा खर्च वाटला तर प्रत्येक नगावर वीस रुपये पडतात. दोन लाख नगांवर वाटला तर एकच रुपया. म्हणजे भाग तोच, पत्रा तोच, कामगार तोच आणि केवळ संख्येमुळे दरात एकोणीस रुपयांचा फरक!

आता चौकशीपत्रात वार्षिक मागणी दोन लाख नगांची दाखवायची, त्या आधारावर दर घ्यायचा आणि प्रत्यक्षात दहा हजार नग उचलून मॉडेल बंद करायचे, असे घडले तर काय होईल? लघुउद्योजकाचे डायपोटी दहा हजार रुपये वसूल होतील आणि एक लाख नव्वद हजार त्याच्या अंगावर पडतील. हप्ता बँकेचा, डाय मात्र रॅकवर गंजत पडलेली. बाजारातील मागणी कोणाच्याच हाती नसते हे मान्य. परंतु मागणी घटण्याचा सगळा धोका ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्याच शिरावर का यावा?

पत्र्याचेही तसेच. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून शंभर बाय पन्नास मिलिमीटरचा तुकडा कापला तर त्याचे वजन साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरते. पण कडेला आणि दोन तुकड्यांच्या मध्ये तीन-तीन मिलिमीटर जागा सोडावीच लागते. त्यामुळे खर्ची पडतो सुमारे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम पत्रा. भाग गोल असेल तर चौरसाचा पाचव्या हिश्शाहून अधिक पत्रा कोपऱ्यांतच वाया जातो. हे भंगार कोणाचे, त्याची किंमत दरातून वजा करायची की नाही, आणि पोलादाचा भाव चढला तर नवा दर केव्हापासून लागू, हे चौकशीपत्रात लिहिलेले नसेल तर पुढे प्रत्येक बिलावर घासाघीस अटळ असते.

शिवाय ड्रॉइंगवर नुसती मापे देऊन भागत नाही. पत्रा कोणत्या प्रतीचा, मापात किती फरक चालेल, बर कोणत्या बाजूला आलेली चालेल, मुलामा कोणता, हे सांगावे लागते. अर्ध्या मिलिमीटरची सूट चालण्यासारखी असताना सवयीने दशांश मिलिमीटरची अट घातली जाते. मग डाय महाग, तपासणी महाग आणि नाकारलेला मालही अधिक. न लागणाऱ्या अचूकतेची किंमत शेवटी ग्राहकच मोजतो.

बोटांची किंमत

येथवरचा हिशेब रुपयांचा झाला. परंतु दरपत्रकात बहुधा न दिसणारी एक बाब रुपयांत मोजता येत नाही. पाच-सहा दुकानांकडून दर मागवायचे, सर्वांत कमी दर दुसऱ्यांना दाखवून आणखी उतरवायचा, हा खरेदी विभागांचा परिचित शिरस्ता. दर उतरतो तेव्हा पत्र्याची किंमत उतरत नाही, विजेचा आकार उतरत नाही. उतरते ते प्रेसला संरक्षक जाळी बसवण्याचे आणि कामगाराला शिकवण्याचे काम.

पायाच्या पॅडलवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये क्लच एकदा गुंतला की रॅम खाली येऊन वर जाईपर्यंत मध्ये थांबत नाही. क्षणभराची डुलकी, निसटलेला तुकडा सरळ करण्यासाठी नकळत आत गेलेला हात, आणि बोटे जातात ती कायमची. हरियाणातील वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीत बोटे गमावलेल्या कामगारांच्या व्यथा 'सेफ इन इंडिया' या संस्थेने २०१९ पासून अहवालांद्वारे मांडल्या. त्यांत पॉवर प्रेसवरील अपघात ठळकपणे पुढे आले. मोटारी आणि सुटे भाग करणाऱ्या महाराष्ट्राने हा प्रश्न परप्रांताचा समजून स्वस्थ बसणे आत्मवंचना ठरेल. यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितली होती. कायदा होता, दरात मात्र त्याला जागा नव्हती.

दोष एकाच बाजूचा नाही

मोठ्या कारखान्यांचे म्हणणे असे की, जागतिक स्पर्धेत आम्हालाही पैशापैशाचा हिशेब ठेवावा लागतो. तुलनेसाठी अनेक दर मागवणे हा आमचा हक्कच आहे. हे म्हणणे चुकीचे नाही. लघुउद्योजकांचेही वागणे निर्दोष नाही. शेजारच्या दुकानाचा दर ऐकून त्याहून पाच पैसे कमी लिहायचे, डायचे आयुष्य आणि दुरुस्ती हिशेबात धरायचीच नाही, ऑर्डर पदरात पाडून घ्यायची आणि मग माल उशिरा द्यायचा. असा 'अंदाजपंचे दाहोदरसे' कारभार अनेक ठिकाणी चालतो. ज्याला आपला खर्चच ठाऊक नाही त्याला योग्य दर कोणीही देऊ शकणार नाही. बलुतेदारीच्या काळात गावच्या लोहाराला वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळे. प्रत्येक फाळाचा दर सांगण्याची वेळ त्याच्यावर येत नसे. ती व्यवस्था विषमतेची होती आणि ती गेली हे बरेच झाले. पण तिच्या जागी आलेल्या कराराच्या व्यवस्थेत हिशेब मांडता येणे हीच कारागिराची ढाल आहे, हे त्याने ओळखले पाहिजे.

चौकशीपत्राची मर्यादा

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला, वार्षिक मागणीबरोबर किमान किती नग निश्चितपणे उचलले जातील हे चौकशीपत्रात लिहावे. अथवा डायचे पैसे स्वतंत्रपणे देऊन तिची मालकी ग्राहकाने घ्यावी. दुसरा, दर एकरकमी न मागता पत्रा, भंगाराची वजावट, प्रेसकाम आणि मुलामा असा फोडून मागावा. तुलना मग खरी होईल. तिसरा, प्रेसचे सुरक्षा-आवरण हा दराचा वेगळा आणि न उतरवता येणारा भाग मानावा आणि ते बसवले आहे की नाही हे पहिला माल तपासतानाच पाहावे.

चौथा उपाय पैसे देण्याच्या मुदतीचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ही मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नेण्यास मनाई केली. लेखी करार नसल्यास ती १५ दिवसांचीच ठेवली. विलंब झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय ठरवले. पुढे सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्चात धरता येणार नाही, अशी प्राप्तिकर कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तरतुदी चांगल्या आहेत. पण तक्रार करणाऱ्याला पुढचे चौकशीपत्र येणार नाही, या भीतीपोटी हक्क कागदावरच राहतो. म्हणूनच मुदतीचा उल्लेख तंटा झाल्यावर नव्हे, तर दर मागतानाच व्हायला हवा.

आणि शेवटी एक साधा शिष्टाचार. दर काढणे हेही कामच आहे. ड्रॉइंग वाचायचे, पट्टीची आखणी करायची, किती टनांची प्रेस लागेल ते मोजायचे, डायवाल्याकडे चकरा मारायच्या. यात छोट्या मालकाची एक-दोन रात्रींची झोप जाते. ज्यांचा दर स्वीकारला नाही त्यांना नकाराचे दोन शब्द आणि त्याचे कारण कळवण्यास कोणत्याही कारखान्याला तोटा येणार नाही. त्यातून पुढचा दर अधिक अचूक येईल, हा लाभ मागणाऱ्याचाच.

इनामगावच्या मातीने कडेच्या कारागिराची भट्टी तीन हजार वर्षे सांभाळून ठेवली, म्हणून तो आपल्याला कळला. आजच्या कारागिराची ओळख पटण्यास एवढा काळ जाऊ देण्याचे कारण नाही. त्याच्या दरपत्रकाची बेरीज पाहण्यापूर्वी त्यातील ओळी वाचल्या आणि ज्या ओळी नाहीत त्या विचारल्या, तरी पुरे.