पासिंगपुरताच माल : जळगाव-धुळ्याच्या ट्रकचालकांचा जाहीरनामा

आम्ही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले ट्रक, डंपर, टँकर, ट्रेलर चालवणारे ड्रायव्हर आणि आमच्याबरोबर फिरणारे क्लिनर आजपासून एक गोष्ट जाहीर करत आहोत. गाडीच्या आरसीवर जेवढी पासिंग लिहिली आहे, तेवढाच माल घेऊन आम्ही गाडी काट्यावरून हलवू. त्यावर माल चढवला, तर चावी फिरवणार नाही.

मोटार वाहन कायदा तर 1988 पासून हेच सांगतो. पण कायदा पाळायचा म्हटलं म्हणून काम गेलेला ड्रायव्हर कुठल्याही ट्रान्स्पोर्ट नगरात चहाच्या टपरीवर भेटतो. कायदा मोडायला लावला म्हणून शिक्षा भोगलेला शेठ आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. ही चळवळ हे बदलण्यासाठी उभी राहत आहे.

आमच्यावरची जबरदस्ती बाहेरून दिसत नाही. रात्री दहा-अकराला गाडी गोदामाला लागते. मका असेल, डाळ असेल, सिमेंट असेल. हमाल थर लावत जातात. ड्रायव्हर मागे जाऊन चाकांपाशी वाकून बघतो. कमानपाटे सरळ झालेले असतात, जोडीच्या टायरांच्या कडा एकमेकांना टेकायला आलेल्या असतात. त्याला वजन तिथेच कळतं, काट्यावर जायची गरज पडत नाही. तो म्हणतो, शेठ, झाली गाडी. उत्तर येतं, ‘भर रे भो, सगळेच भरतात. नसेल जमत तर चावी ठेव, दुसरा उभा आहे.’ आणि दुसरा खरोखर उभा असतो. त्याच्याही घरी पोरांची फी थकलेली असते, त्यानेही लग्नाला नाहीतर दवाखान्याला उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत मालक सोडता येत नाही, आणि मालक सोडता येत नाही तोवर ‘नाही’ म्हणता येत नाही. मग बिल्टीवर पासिंगचं वजन पडतं, खऱ्या वजनाची काटाचिठ्ठी शेठच्या गल्ल्यात राहते, आणि गाडी निघते. रस्त्यात जे घडेल त्याला तोंड द्यायला ड्रायव्हर.

या सगळ्याचं मूळ टनामागे ठरणाऱ्या भाड्यात आहे. गाडीला माल ठरवून देणारा हुंडेकरी टनाला भाव पाडतो. पडलेल्या भावात पासिंगपुरत्या मालाचं डिझेल, टोल, टायर आणि बँकेचा हप्ता निघत नाही, म्हणून मालक तीन टन जादा घेतो. शेजारचा मालक पाच घेतो. महिनाभरात बाजाराला कळतं की याच भाड्यात गाडी जादा माल नेते, आणि भाव आणखी उतरतो. जादा टनाचा फायदा शेवटी माल पाठवणाऱ्याच्या खिशात जातो. गाडीवाला होता तिथेच राहतो, फक्त त्याची गाडी लवकर मोडते. एकाच गाडीचा मालक असलेले आणि स्वतःच ती चालवणारे कितीतरी भाऊ आमच्यात आहेत, त्यांना हे पाठ आहे. 2018 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दहाचाकी ट्रकचं मालासकट एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं, सर्वांत मोठ्या ट्रेलरचं 49 वरून 55 टनांवर. भाव टनावरच राहिला. त्यामुळे ‘अजून दोन टन घे’ हे वाक्यही राहिलं, ते फक्त नव्या आकड्याच्या पुढून सुरू झालं.

खान्देश हा वाटांचा मुलूख आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ता तिथेच येऊन मिळतो. रावेर, यावल, सावद्याची केळी उत्तरेकडे जाते, दीपनगरच्या वीज केंद्राची राख भुसावळहून निघते, गिरणा-तापीची वाळू रात्रीची धावते. आणि बाहेर पडायचं म्हटलं की बहुतेक दिशांना घाट आडवा येतो. सुरतेकडे कोंडाईबारी, मालेगावकडे लळिंग, चाळीसगावहून वर कन्नडचा घाट, इंदूरकडे बिजासन. कन्नड घाटात अवजड वाहनांना 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने बंदी घालावी लागली. एवढ्यावरून घाटाची अवस्था समजावी.

बिजासनचा घाट भरलेल्या गाडीने उतरणं म्हणजे काय, ते घाट न उतरलेल्यांनी ऐकून घ्यावं. गाडी खालच्या गिअरमध्ये धरून इंजिनावर उतरवायची असते, ब्रेक मध्येमध्ये लावायचा असतो. वजन पासिंगात असेल तर इंजिन गाडी धरतं. वजन दीडपट झालं की इंजिन ओरडतं पण गाडी धरत नाही, मग पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच राहतो. प्रत्येक वळणावर दीडपट वजनाची सगळी उष्णता त्याच ड्रमात, त्याच लायनरमध्ये जाते. आधी केबिनमध्ये जळका वास येतो. मग हवेचा काटा खाली सरकतो. त्यानंतर पेडल पूर्ण दाबलं तरी चाकाला पकड येत नाही. समोर दुचाकीवर नवराबायको आणि मधे पोर असतं. त्या क्षणी स्टेअरिंग कुठे वळवायचं, याचा निर्णय गोदामातला कोणी घेत नाही.

4 जुलै 2023 रोजी याच रस्त्यावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर इथे, ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडका देत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक जायला कारणं अनेक असतात. जादा वजन हे त्यातलं असं कारण आहे, जे गाडी सुरू होण्याआधी काट्यावरच रोखता येतं. त्याआधी 2021 च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला. मालावर मजूर बसलेले होते, आभोडा, केऱ्हाळा, रावेरकडची घरी परतणारी गरीब माणसं. पंधरा जण मालाखाली गेले. त्यात बायका होत्या, पोरं होती. म्हणून आमच्या जाहीरनाम्यात हेही आहे की मालावर माणूस बसवून आम्ही गाडी काढणार नाही. मजुरांना परत पाठवायला वेगळं वाहन देणं हे ज्याचा माल त्याचं काम.

आता कायद्याचं बोलू, कारण कायदा आमच्या बाजूचा आहे आणि तो आमच्यापासून लपून राहिला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 113 म्हणतं की मर्यादेबाहेरच्या वजनाची गाडी कोणी चालवू नये, चालवायला लावू नये आणि चालवू देऊ नये. याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात लिहिलं आहे की ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाला माहीत असताना किंवा त्याच्या हुकमाने घडला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. भावांनो, हे वाक्य पाठ करा. कलम 194 चा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. दहा टन जादा म्हणजे 40 हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2005 मध्येच बजावलं होतं.

प्रत्यक्षात घडतं ते वेगळं. पावती फाटते, माल तसाच राहतो, गाडी पुढे जाते. शेठ दंड पुढच्या भाड्यात वसूल करतो नाहीतर ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. पण लायसन्स निलंबित होतं ते ड्रायव्हरचं. जादा वजनासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये राज्यांना सांगितलं. तीन महिने लायसन्स नाही म्हणजे तीन महिने चूल नाही. आणि माणूस दगावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंतची कैद ड्रायव्हरच्या नावावर. ज्याने माल भरला, ज्याने भरायला लावला, ज्याने खोटं वजन लिहिलं, त्यांची नावं एफआयआरमध्ये येत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो आम्ही यापुढे नशीब म्हणून सोसणार नाही.

रस्त्यांचंही ऐका. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ट्रक फिरवून रस्त्यांची मोठी चाचणी झाली. त्यातून निघालेला हिशोब आजही जगभरचे इंजिनिअर वापरतात. एका ॲक्सलवरचं वजन दीडपट झालं की रस्त्याची झीज सुमारे पाचपट होते, दुप्पट झालं की सोळापट. चोपडा-यावल-रावेरच्या रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरं आणि महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करणारे जळगावकर त्या झिजेची किंमत मोजतात. ही लढाई त्यांचीही आहे.

‘ड्रायव्हर काय संघटित होणार, आज इथे उद्या लुधियान्यात’ असं आम्हाला सांगितलं जातं. हमालांनाही असंच सांगितलं जायचं. पाठीवर शंभर किलोचं पोतं वाहणाऱ्या हमालाला एकट्याने ‘मी पन्नासच उचलीन’ म्हणता येत नव्हतं, कारण शंभर उचलणारा दुसरा उभा होता. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या मागे हमाल-माथाडी एक झाले, 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणण्यासाठी हमाल वर्षानुवर्षं भांडले. आमच्या गाड्या भरणारा हमाल आज पन्नास किलोचं पोतं उचलतो. मग गाडीवरच्या वजनाची मर्यादा आम्हीच का मोडायची?

आमची ताकद आम्ही एकदा पाहिली आहे. 1 जानेवारी 2024 ला अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षं कैद देणाऱ्या तरतुदीविरुद्ध देशभर ड्रायव्हर थांबले. मनमाडजवळच्या पानेवाडीतून निघणारे टँकर उभे राहिले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी सरकारने चर्चा केली, आणि जुलैत नवी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलेलं होतं. त्या वेळी आम्ही शिक्षेच्या भीतीने थांबलो होतो. या वेळी ती शिक्षा ज्या वजनामुळे ओढवते, त्या वजनापाशी थांबू.

आमचं मागणं स्पष्ट आहे. माल भरल्या जागीच काटा व्हावा आणि खऱ्या वजनाची चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात पडावी. तेच वजन बिल्टीवर असावं. दंड मालकावर, हुंडेकऱ्यावर आणि माल पाठवणाऱ्यावर बसावा, ड्रायव्हरचं लायसन्स शेवटी बघावं. ऑस्ट्रेलियात माल पाठवणारा, भरणारा आणि वाहतूक ठरवणारा असे सगळे वजनाला जबाबदार धरले जातात. तिथे जमतं ते धुळ्यात आणि जळगावात जमायला हरकत नाही. जादा माल नाकारला म्हणून ड्रायव्हरला काढता येऊ नये आणि काढलं तर मालकाने भरपाई द्यावी, असा स्पष्ट कायदा हवा. अमेरिकेने धोकादायक गाडी नाकारणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला 1982 मध्येच असं संरक्षण दिलं आहे. पकडलेल्या गाडीचा जादा माल उतरवायला जागा आणि हमाल यांची सोय प्रशासनाने करावी. जादा मालासकट गाडी सोडणारा अधिकारीही तितकाच दोषी आहे, मग त्याने पावती फाडली असो की महिन्याची एंट्री म्हणून हप्ता घेतला असो. दोन्ही जिल्ह्यांच्या रस्ता सुरक्षा समित्यांत ड्रायव्हरांचा माणूस बसलाच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचं, भाडं पासिंगपुरत्या मालात परवडेल असं ठरावं. ते ठरवायला मालकांच्या संघटनांनी आमच्याबरोबर बसावं. हुंडेकऱ्यासमोर मालक एकटा पडतो, तो एकटा पडू नये यात आमचंही हित आहे.

जादा टनामागे ड्रायव्हरलाही काही सुटतं, हे खरं आहे. पाचशे, हजार, कधी जास्त. ते पैसे पगारात मागायचे आहेत. घर ज्या पैशावर चालतं तो पैसा गुन्ह्याच्या वाट्यातून येऊ नये, एवढी इज्जत आम्हाला हवी आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास कामाचे ठरवले होते. रात्रंदिवस केबिनमध्ये असणाऱ्या आमच्या लोकांना ते तास कधी दिसले नाहीत. पुढे त्यासाठीही लढू. पण सुरुवात वजनापासून, कारण ते मोजता येतं आणि त्यावर कोणाला वाद घालता येत नाही.

केळी पिकवणाऱ्या, कापूस-मका विकणाऱ्या शेतकरी भावांनो, तुमच्याशी आमचं भांडण नाही, आम्ही तुमचीच पोरं आहोत. तुमचा माल आम्ही पोहोचवू, पण एका गाडीत दोन गाड्यांचा माल कोंबून नाही. व्यापाऱ्याने ‘गाडीभाडं वाढलं’ म्हणून तुमचा भाव कापला, तर आम्हाला सांगा. काट्यावर आपण बरोबर उभे राहू.

आणि ड्रायव्हर भावांनो, चावी ठेवून घरी जायला लागलेला भाऊ आपला आहे. त्याची गाडी दुसऱ्या कोणी हातात घ्यायची नाही. त्याच्या घरी रेशन पोहोचलं पाहिजे, त्याची उचल फेडायला वर्गणी जमली पाहिजे, त्याच्या केससाठी वकील उभा राहिला पाहिजे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर, दोंडाईचा इथल्या प्रत्येक ट्रान्स्पोर्ट नगरात आणि ढाब्यावर हा कागद वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याला दोनदा वाचून दाखवा. आरसीवरची पासिंग केबिनच्या दारावर मोठ्या आकड्यात रंगवून घ्या. आज रात्री माल भरताना तो आकडा शेठला दाखवा, आणि काटा त्याच्या पुढे गेला तर इंजिन बंद ठेवा.