भाकरीचे अर्थकारण आणि ग्रामीण आरोग्य

खेड्यांतील आरोग्य केंद्रांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर एक उपदेश वारंवार वाचावयास मिळतो : सकस आहार घ्या, नियमित व्यायाम करा. उपदेश बिनतोड आहे. त्याच्याशी मतभेद होण्याचे कारण नाही. परंतु ज्याला तो केला जातो त्याच्यापाशी तो पाळण्याची साधने आहेत काय, हा प्रश्न भिंत रंगविणाऱ्याने विचारलेला नसतो. उसाच्या फडात दिवसभर राबून आलेल्या बाईला व्यायामाचे महत्त्व पटवून देणे किंवा ज्याच्या शिधापत्रिकेवर गहू-तांदूळच मिळतो त्याला ज्वारी-नाचणीचे गुण ऐकविणे, यात नकळत का होईना, एक क्रूर विनोद आहे. आहार आणि व्यायाम हे विषय आजवर केवळ आरोग्य खात्याकडे सोपविण्यात आले. वस्तुतः ते तितकेच किंमत, मजुरी आणि वेळ यांचे, म्हणजेच अर्थशास्त्राचे विषय आहेत.

दुहेरी संकट

खेड्यातील माणूस काटक असतो आणि मधुमेह, रक्तदाब हे शहरी सुखवस्तूंचे रोग आहेत, ही समजूत आता टाकून द्यावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. एवढ्यावर समाधान मानण्याजोगी स्थिती मात्र नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचे प्रमाण शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के होते. उंबरठ्यावर तरी शहर आणि खेडे यांच्यात फरक उरलेला नाही.

याच्या जोडीला दुसरे चित्र आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. त्याच पाहणीत पाचांतील एक स्त्री कमी वजनाची, तर त्याहून किंचित अधिक स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या. कुपोषण आणि अतिपोषण ही दोन्ही संकटे आज एकाच गावात, क्वचित एकाच घरात नांदत आहेत. म्हणून सर्वांना एकच उपदेश लागू पडत नाही.

ज्वारी का हटली?

१९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन ज्या पिढीने दिवस काढले, तिच्या घरी गव्हाची पोळी सणावारी होत असे. दख्खनच्या पठारावर रोजचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगा-मटकीचे कालवण आणि बांधावरची तांदुळजा, अंबाडी यांसारखी भाजी. आज तेथेच गहू-तांदूळ रोजचे झाले आणि भाकरी शहरातील उपाहारगृहांत ‘गावरान थाळी’ म्हणून चढ्या दराने विकली जाते. या बदलाचे खापर लोकांच्या बदललेल्या आवडीवर फोडणे सोपे आहे. पण आवडीनिवडीही किमतींच्या मागोमाग जातात.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरला. कायद्यात सर्वांत स्वस्त असलेले धान्य दुकानात मात्र क्वचितच आले. ज्वारीचे वाटप झाले तेही काही जिल्ह्यांपुरते आणि काही काळापुरते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाल्यावर तुलना अधिकच विषम झाली. एका बाजूला फुकट गहू-तांदूळ, दुसऱ्या बाजूला बाजारभावाची ज्वारी. अशा वेळी गरीब गृहिणी जो निर्णय घेते तो अज्ञानाचा नसून चोख हिशेबाचा असतो.

शेतकऱ्याचाही हिशेब असाच आहे. ज्वारीची पाखरांपासून राखण करावी लागते. रब्बीची ज्वारी हाताने उपटून काढावी लागते आणि त्यासाठी मजूर मिळत नाहीत. पूर्वी ज्वारीचे निम्मे मोल कडब्यात असे. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या घटल्या, तसा हा आधारही दुबळा झाला. २०२४-२५ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये, तर साधारण भाताचा २,३०० रुपये होता. कागदावर ज्वारी वरचढ दिसते; परंतु हमीभाव खरा ठरतो तो खरेदी केंद्र वेळेवर उघडते तेव्हाच. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. उत्सवाने मागणी निर्माण होत नसते. ती सरकारी खरेदीने आणि ग्राहकाच्या क्रयशक्तीने निर्माण होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्वारी म्हणजे औषध नव्हे आणि गहू म्हणजे विष नव्हे. ताटातील कडधान्य, भाजी व दूध कमी होऊन केवळ धान्यावर पोट भरणे आणि वर साखर, तेल व मीठ वाढत जाणे, हे खरे दुखणे आहे. डाळ परवडत नाही; पण पाच-दहा रुपयांचा फरसाणाचा पुडा वाडीवस्तीवरील दुकानातही लटकलेला असतो.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

जाते, उखळ आणि विहिरीचा पोहरा गेला म्हणून हळहळणारा एक वर्ग आहे. ज्यांनी ते कष्ट कधी उपसले नाहीत, त्यांनाच तो गौरव परवडतो. गिरणीने आणि नळाने बाईचे जे श्रम वाचविले ते पुन्हा तिच्या माथी मारणे कोणालाही शोभणारे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. ऊसतोड मजूर किंवा खुरपणीस जाणारी बाई हे प्रमाण एका दिवसात ओलांडते. तिला हवी आहे विश्रांती आणि पोटभर सकस अन्न. उलट शेत ट्रॅक्टरवाल्याकडून नांगरून घेणारा बागायतदार, दुचाकीवरून शाळेत जाणारा शिक्षक, दिवसभर खुर्चीत बसणारा सोसायटीचा सचिव आणि मोबाइलमध्ये मान घालून बसलेला विद्यार्थी यांना हालचालीची खरी गरज आहे. त्यांच्यासाठी गावात मोकळे मैदान, चालण्याजोगा रस्ता आणि त्यावर दिवा हवा. स्त्रियांना तर सकाळी नुसते फिरावयास निघणेही लोकांच्या नजरांमुळे जड जाते. कबड्डी आणि खो-खो यांना साहित्य जवळजवळ लागत नाही, मैदान मात्र लागते. आणि तेच अतिक्रमणाखाली सर्वांत आधी नाहीसे होते.

दोन उदाहरणे

फिनलंडमधील उत्तर कारेलिया हा शेतकरी व जंगलकामगारांचा प्रांत. तेथे हृदयविकाराने ऐन उमेदीतील पुरुष इतके दगावत की, १९७१ मध्ये लोकांनीच सरकारकडे दाद मागितली. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. तेथे व्याख्यानांवरच भिस्त ठेवली गेली नाही. गृहिणींच्या संघटनेने नवा स्वयंपाक घरोघरी नेला, खाद्यपदार्थांच्या उत्पादकांना स्निग्धांश व मीठ कमी करण्यास राजी करण्यात आले आणि दुग्धव्यावसायिक शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळण्यास साहाय्य मिळाले. सुमारे चार दशकांत काम करण्याच्या वयातील पुरुषांचे या रोगाने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आहार बदलावयाचा तर उत्पादकाच्या उपजीविकेची सोय आधी लावावी लागते, हा त्यातील धडा आहे.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा औषधापेक्षा अन्न आणि पाणी यांची निकड मोठी असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा शेजारणीचा शब्द अधिक मानला जातो, हे जामखेडने सिद्ध केले. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने या कार्याचा गौरव झाला.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्या जिल्ह्यांत त्या धान्याची हमीभावाने वेळेवर खरेदी करून ते त्याच जिल्ह्यातील स्वस्त धान्य दुकानांतून नियमितपणे वाटावे. खर्च वाढेल आणि ज्वारी फार काळ टिकत नाही, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. परंतु खरेदी आणि वाटप जवळच्या जवळ झाल्यास वाहतूक व साठवणूक दोन्ही वाचतात; आणि मधुमेहाच्या आजन्म औषधोपचाराचा भार अखेर त्याच कुटुंबावर व त्याच सरकारी तिजोरीवर पडणार आहे, हेही हिशेबात धरले पाहिजे. दुसरी गोष्ट, शाळेतील तांदळाच्या खिचडीला आठवड्यातून काही दिवस स्थानिक धान्य, कडधान्य आणि परसबागेतील भाजी यांची जोड द्यावी. तिसरी, शाळेच्या व गावाच्या मैदानाची मोजणी करून ग्रामसभेने ते राखावे आणि शाळा सुटल्यावर मुलींनाही ते खुले राहील असे पाहावे.

यांतील पहिले काम शासनाचे आहे. उरलेल्या दोहोंत शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांना पुष्कळ काही करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्याबरोबर गावातील दहा घरांच्या ताटांची आणि आठवडी बाजारातील भावांची नोंद झाली, तर ग्रामसभेपुढे ठेवण्यास ठोस आकडे मिळतील. गावाला उपदेशाची उणीव कधीच नव्हती. उपदेश पाळता यावा इतके धान्य दुकानात, इतकी मजुरी हातात आणि इतकी जागा गावात असावी, एवढीच गावाची रास्त मागणी आहे. ती पुरी झाल्यावरच भिंतीवरील त्या दोन ओळींना अर्थ येईल.