उपकाराची भाषा

थोर पुरुषाच्या हयातीत त्याजवर झालेला अन्याय झाकावयाचा असला, म्हणजे मृत्यूनंतर त्याच्या सहनशीलतेची स्तुती करावी, ही युक्ती फार जुनी आहे. फिलाडेल्फियाचे पाद्री अब्सलम जोन्स ह्यांच्या वाट्यास ती पुरेपूर आली. इंग्लंडातील राजमान्य चर्चची जी शाखा अमेरिकेत एपिस्कोपल चर्च म्हणून ओळखली जाते, तिचे हे पहिले कृष्णवर्णी पुरोहित. दरवर्षी १३ फेब्रुवारीस, म्हणजे त्यांच्या निधनदिनी, ते चर्च त्यांचे स्मरण करते आणि त्यांच्या सौम्य व क्षमाशील स्वभावाचे गोडवे गायिले जातात. हे वर्णन खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अर्धे आहे, आणि सोयीचे तेवढेच अर्धे आहे.

जोन्स १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. कोणी हातावर ठेवलेले पैसे साठवून त्या मुलाने अंकलिपी व नवा करार विकत घेतला. ते सोळा वर्षांचे असता मालकाने त्यांच्या आईस व भावंडांस विकून टाकले आणि त्यांना मात्र फिलाडेल्फियातील आपल्या दुकानी नेले. १७७० साली त्यांचे लग्न झाले, तेही एका गुलाम स्त्रीशी. पुढे पैसा जमविला तेव्हा त्यांनी प्रथम पत्नीची सुटका विकत घेतली. कारण कायद्याने मूल आईच्या स्थितीस जाई. आई मुक्त तर मूल मुक्त. ह्यात प्रेम होतेच, पण हिशेबही होता. स्वतःचे मुक्तिपत्र त्यांना बावीस वर्षे दुकानात राबल्यावर, वारंवार मागून, १७८४ साली मिळाले. ह्यास कोणास मालकाचे औदार्य म्हणावयाचे असेल तर त्याने खुशाल म्हणावे.

१७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. डॉक्टर बेंजामिन रश ह्यांची समजूत अशी की, हा ज्वर कृष्णवर्णीयांस होत नाही. म्हणून शुश्रूषेसाठी हाक त्यांना गेली. जोन्स व त्यांचे सहकारी रिचर्ड ॲलन ह्यांनी माणसे उभी केली, रोग्यांची सेवा केली, प्रेते पुरली. ती समजूत खोटी ठरली आणि सेवा करणारेही मेले. साथ ओसरताच मॅथ्यू केरी नामक मुद्रकाने पुस्तिका काढून कृष्णवर्णी सेवकांनी रोग्यांस लुबाडले असा बोभाटा केला. गंमत अशी की, खुद्द जोन्स व ॲलन ह्यांची केरीने प्रशंसाच केली होती. सामान्य माणूस त्या प्रशंसेवर संतुष्ट झाला असता. ह्या दोघांनी १७९४ साली उत्तरादाखल स्वतःची पुस्तिका छापली आणि जमाखर्च मांडला : प्रेते पुरणे व अंथरुणे जाळणे ह्यांबद्दल मिळाले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स, शवपेट्या व पाच माणसांची मजुरी मिळून खर्च ४११ पौंड, पदरमोड १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. आपल्या लोकांची निंदा होत असता आपल्यापुरती स्तुती घेण्यास त्यांनी नकार दिला. हा सौम्यपणा नव्हे.

आता चर्चच्या उपकाराकडे वळू. मेथॉडिस्टांच्या मंदिरात प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेले असता जोन्स ह्यांस ओढून उठविण्यात आले होते. प्रार्थना पुरी होईपर्यंत थांबा, एवढेच ते म्हणाले, आणि ती पुरी होताच सर्व कृष्णवर्णी मंडळी उठून निघून गेली. त्यांच्यातूनच संत थॉमसचे मंदिर उभे राहिले आणि १७९४ साली ते एपिस्कोपल चर्चमध्ये सामील झाले. पुढील वर्षी बिशप विल्यम व्हाइट ह्यांनी जोन्स ह्यांस डीकन केले. पूर्ण पुरोहितपद मिळावयास नवे शतक उजाडावे लागले. त्यांस ग्रीक व लॅटिनच्या परीक्षेची सूट देण्यात आली, आणि त्या मोबदल्यात असे ठरले की, त्यांच्या मंडळीने किंवा तिच्या पाद्र्याने प्रांतिक धर्मपरिषदेत बसू नये. आम्ही जन्मभर परीक्षा घेतल्या आहेत. एखाद्या विद्यार्थ्यास दोन विषयांत सूट देऊन त्याबदली त्याच्या साऱ्या गावाचे मत काढून घेतल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

मग जोन्स ह्यांनी ही अट पत्करली कशाला, असे कोणी विचारील. ॲलन ह्यांनी ती पत्करली नाही. ते मेथॉडिस्टच राहिले आणि १८१६ साली स्वतंत्र पंथाचे बिशप झाले. परंतु जोन्स ह्यांच्या मंडळीने आपल्या मंदिराचा कारभार आपल्या हाती राखला होता, हे टीकाकार विसरतात. आणि धर्मपरिषदेचे दार बंद म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवले नाही. गुलामांचा व्यापार व फरारी गुलामांचा कायदा ह्यांविरुद्ध त्यांनी सत्तरांहून अधिक सह्यांचा अर्ज काँग्रेसकडे धाडला. १८०० च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहाने त्यातील मुख्य मागण्या ८५ विरुद्ध १ मताने झिडकारल्या. १८०८ च्या पहिल्या दिवशी, परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी झाली तेव्हा, आभाराचे प्रवचन त्यांनीच केले.

जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. ती कृतज्ञता योग्यच होती. तथापि आमच्या सुशिक्षित घरांतून तिचा अर्थ असा होऊन बसला आहे की, गोऱ्यांनी दिले आणि काळ्यांनी घेतले. फुल्यांच्या जन्मापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे पत्नीचे स्वातंत्र्य पैसे मोजून घेणारा एक माणूस फिलाडेल्फियात होता, हे त्या घरांतून कोणी सांगत नाही.

जोन्स १८१८ साली वारले. त्यांच्या मंडळीस धर्मपरिषदेत जागा मिळाली ती त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, यादवी युद्धाच्या काळात; तोवर ग्रीक-लॅटिनच्या सुटीची किंमत ती चुकवीतच होती.